शेवटी मास्तरच झाला

2025 च्या 13 डिसेंबरला शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा आटोपून मी गोव्यातल्या डिचोलीच्या घरी पोहोचले, तेव्हा पायरीवर चपलांचा ढीग पडलेला होता आणि भर दुपारी बाहेरच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. आत काळोख करून माझा मुलगा आणि त्याचे मित्र 'माय हिरो अकॅडेमिया' या जपानी ॲनिमे मालिकेचा शेवटचा भाग पाहत बसले होते. बारावीचे वर्ष, पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली, तरीही त्यांना उठवायचे माझ्या मनात आले नाही. कारण ऑक्टोबरपासून ही मंडळी दर शनिवारी याच खोलीत जमत होती आणि हा शेवटचा शनिवार आहे, हे मलाही ठाऊक होते. मी चहा टाकला, जत्रेतून आणलेले खाजे डब्यातून काढून बशीत ठेवले आणि बाहेर आले, तो पडद्यावर नावे सरकू लागली होती. एरवी नावे दिसताच पुढच्या व्हिडिओकडे धावणारी ही मुले जागची हलली नाहीत. एकाने नाक ओढले आणि कोणी विचारलेले नसताना सर्दी झाल्याचे सांगितले. मग त्यांच्यातला सर्वांत बोलका, जो नववीत माझ्या वर्गात होता, खाज्याचा तुकडा दाढेखाली धरून मालिकेच्या नायकाबद्दल कोकणीत म्हणाला, "इतलें सगळें करून निमाणो मास्तरच जालो न्हय तो!" म्हणजे, एवढे सगळे करून शेवटी मास्तरच झाला ना तो!

बोलून झाल्यावर त्याची नजर माझ्यावर पडली. त्याने जीभ चावली, "न्हय टीचर, तुमकां न्हय," असे काहीतरी पुटपुटला, सगळे हसले आणि मीही हसले. चहाचे कप हातोहात गेले, खिडक्या उघडल्या, आणि दहा मिनिटांत वाद पुढच्या मालिकेवर जाऊन पोहोचला. पण ते वाक्य माझ्यापाशी राहिले. रात्री निबंधांचा गठ्ठा तपासायला घेतला, तेव्हाही ते लाल पेनाच्या टोकाशी येऊन बसले होते.

राग आला होता का? थोडा आला होता. मात्र तो त्या मुलावर नव्हता.

ही मालिका माझ्या घरात 2020 च्या टाळेबंदीत आली. त्या दिवसांत मी सकाळभर मोबाईलसमोर बसून, ज्यांचे चेहरे दिसत नाहीत अशा मुलांना संतांचे अभंग शिकवत असे. सत्तरी-सांग्याकडची मुले रेंज मिळावी म्हणून डोंगर चढून बसल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या, आणि माझ्या वर्गातलीही काही मुले कुणाच्या तरी काजूच्या बागेतून हजेरी लावत होती. संध्याकाळी माझे डोळे चुरचुरत असताना मुलगा त्याच मोबाईलवर ही मालिका लावायचा. हाणामारीचे आवाज ऐकून मी आधी दुर्लक्षच केले. मग एकदा सहज वाकून पाहिले, तर पडद्यावर चक्क वर्ग भरलेला होता. बाके होती, फळा होता, आणि वर्गशिक्षक पिवळ्या झोपण्याच्या पिशवीतून अळीसारखा सरपटत आत येत होता. इतके थकलेले वर्गशिक्षक मी स्टाफरूमच्या बाहेर प्रथमच पाहत होते. मी मुलाच्या शेजारी बसले, आणि मग बसतच गेले.

कथा तशी साधी आहे. जगातल्या 80 टक्के माणसांना जन्मजात काही ना काही अद्भुत शक्ती लाभलेली आहे, आणि जिच्यात अशी काहीच शक्ती नाही त्या उरलेल्या अल्पसंख्येत इझुकू मिदोरिया, म्हणजे सगळ्यांचा डेकू, जन्माला आला आहे. त्याला वीर व्हायचे आहे. ऑल माइट नावाचा सर्वांत मोठा वीर आपली शक्ती त्याला वारसा म्हणून देतो, आणि वीर घडवणाऱ्या शाळेत त्याचे नाव दाखल होते. माझ्या मुलाला त्यातल्या शक्ती आवडायच्या. कोण कुणाला भारी पडेल याची त्याच्याकडे वही होती, आणि गंमत म्हणजे डेकूकडेही तशीच वही आहे. मला मात्र त्यातली शाळा आवडली. सहामाही परीक्षा, वर्गप्रतिनिधीची निवडणूक, स्नेहसंमेलनाची घाई, वसतिगृहातल्या खोल्या कुणी कशा लावल्या याच्या चौकश्या, आणि वीस मुलांच्या वर्गात एकाही मुलाला केवळ गर्दी म्हणून न ठेवण्याचा लेखकाचा हट्ट.

शिक्षकाला मुलांच्या जगातली लोकप्रियता मोजायला आकडे लागत नाहीत, कंपासपेट्या पुरतात. मी शिकवायला लागले तेव्हा पेट्यांवर क्रिकेटपटू असत. मग ॲनिमेतला 'नारुतो' आला, कपाळाला पट्टी बांधलेला. मग एका वर्षी हिरव्या कुरळ्या केसांचा डेकू सगळीकडे दिसू लागला: वह्यांच्या वेष्टनांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, एका मुलाच्या प्लास्टर घातलेल्या हातावर. पणजीला मांडवीच्या काठी भरणाऱ्या अष्टमीच्या फेरीत किल्ल्यांच्या साखळ्या विकणाऱ्याकडे तेव्हा डेकूची स्वतंत्र माळ टांगलेली असायची. नंतर दुसऱ्या मालिकांमधला काळ्या-हिरव्या चौकड्यांचा अंगरखा घातलेला मुलगा आला, डोळ्यांवर पट्टी बांधलेला पांढऱ्या केसांचा मास्तर आला (हा मात्र लोकांना मास्तर असूनही आवडतो, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे), आणि डेकूची माळ आखडत गेली. 2025 च्या फेरीत मी मुद्दाम शोधले. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात, 'कोणतीही घ्या' म्हणून ठेवलेल्या जुन्या मालात, रंग उडालेला एक डेकू मिळाला. विकणाऱ्याला त्याचे नाव सांगता आले नाही. मी तो घेतला आणि मुलाला दिला; त्याने तो सॅकला न लावता टेबलाच्या खणात ठेवला. बारावीच्या मुलाला सॅकवर काय चालते आणि काय चालत नाही, याचे नियम कडक असतात.

मालिका म्हातारी होते म्हणजे नेमके काय होते, हे मी या मुलांमुळे जवळून पाहिले. कोहेई होरिकोशी या चित्रकथाकाराने ती जुलै 2014 मध्ये 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात सुरू केली. त्या साप्ताहिकाचा कारभार मोठा निर्दय आहे. अंकासोबत वाचकांसाठी पोस्टकार्ड असते, वाचकाने आपल्या आवडत्या तीन कथा त्यावर लिहून पाठवायच्या, आणि ज्या कथेच्या वाट्याला पुरेशी पोस्टकार्डे येत नाहीत ती काही महिन्यांत गुंडाळली जाते. होरिकोशीच्या याआधीच्या दोन कथा अशाच बंद पडल्या होत्या. त्यातली दुसरी तर 16 प्रकरणांतच. आपल्यात काही शक्तीच नाही असे सांगितले गेलेल्या मुलाची गोष्ट त्याने तिसऱ्या खेपेला लिहायला घेतली, तेव्हा तो 27 वर्षांचा होता. वर्गात नापास झालेल्या मुलाने शेवटच्या संधीला बसून पेपर लिहावा, तशी त्या पहिल्या प्रकरणांची लय आहे; कुठेही उसंत नाही, आणि प्रत्येक पानावर 'मला काढू नका' अशी विनवणी ऐकू येते.

त्याला काढले नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये बोन्स या स्टुडिओने त्यावर ॲनिमे सुरू केले, आणि 2018 मधल्या तिसऱ्या पर्वापर्यंत ते अशा उंचीवर गेले की, पुण्यात शिकणारा माझा भाचा, जो तेव्हा आमच्यात या विषयातला जाणकार मानला जायचा, "याच्यापुढे आता काही नाही," असे ठामपणे सांगत असे. मग 2019 मध्ये 'डिमन स्लेयर' हे नवे ॲनिमे आले, 2020 च्या ऑक्टोबरमध्ये 'जुजुत्सु कायसेन' आले, आणि त्याच भाच्याने दिवाळीला घरी आल्यावर डेकूचा विषय निघताच, लहानपणीच्या फोटोकडे बघून हसावे तसे हसून दाखवले. 2021 च्या पाचव्या पर्वात मूळ कथेतल्या प्रसंगांचा क्रम बदलला, खलनायकांची बाजू मागे ढकलली गेली, आणि रागावलेल्या लोकांनी ती संधी साधून काढता पाय घेतला. पुस्तके खपतच होती; 2024 मध्ये जगभरातला आकडा 10 कोटी प्रतींवर गेला. पण खप आणि चर्चा या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या मालिकेबद्दल मधल्या सुट्टीत भांडण होत नाही ती मुलांच्या हिशेबी संपलेली असते, मग तिचे भाग येत असोत वा नसोत.

यात मालिकेचा दोष किती आणि वयाचा किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पाचवीतल्या मुलाने जिच्यावर जीव टाकला ती गोष्ट दहावीत त्याच्या आड येऊ लागते. आवाज फुटलेला असतो, आणि 'तूही वीर होऊ शकतोस' असे कुणी पडद्यावरून सांगितले की संकोच वाटतो. अंगाला आखूड झालेल्या सदऱ्याचा राग यावा तसा मग त्या मालिकेचा राग येतो. माझ्या मुलाच्या गटातले अर्धे मित्र असे मधेच गळले. 2025 च्या 12 सप्टेंबरला 'डिमन स्लेयर'चा नवा चित्रपट भारतात लागला, तेव्हा पर्वरीच्या मॉलमध्ये जायला सगळे जण एका पायावर तयार होते. तीन आठवड्यांनी, 4 ऑक्टोबरला डेकूचे अंतिम पर्व सुरू झाले, तेव्हा आमच्या खोलीत मोजकीच डोकी उरली होती.

ही मोजकी डोकी मात्र कडवी होती. दर शनिवारी भाग संपला की त्यांची सभा भरे, आणि मी स्वयंपाकघरात नारळ खवत ती ऐकत असे. आपली मालिका आता कुणी बघत नाही याचे त्यांना दुःखही होते आणि छुपा अभिमानही होता. गाव सोडून न गेलेल्या माणसांना असतो तसा. एकाचे म्हणणे होते की इतकी पर्वे काढायलाच नको होती, चारात आटोपली असती तर आजही लोकांनी नाव काढले असते. दुसरा लगेच उसळून म्हणायचा की, घाई केली असती तर वीस मुलांपैकी पंधरा कोपऱ्यात उभी राहिली असती. आणि निदान हे 'अंतिम' म्हणाले आणि अकरा भागांत अंतिम झाले, असे म्हणून सगळे जण 'अटॅक ऑन टायटन' या दुसऱ्या मालिकेवर घसरायचे, ज्याचे अंतिम पर्व डिसेंबर 2020 मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर 2023 पर्यंत अंतिमच होत राहिले होते. पहिल्याच भागात, शक्ती पूर्णपणे गमावलेला ऑल माइट यांत्रिक चिलखत घालून एकटाच महाखलनायकासमोर उभा राहिला, तेव्हा सभा भरलीच नाही. मुले चहा न पिता घरी गेली. त्यानंतरच्या आठवड्यात गळालेल्यांपैकी एक जण, काहीच न झाल्यासारखा, येऊन कोपऱ्यात बसला. त्याला कुणी टोमणा मारला नाही. पुण्याच्या भाच्याचाही फोन आला. त्याने आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि मग हळूच विचारले की, मुलगा कोणत्या भागापर्यंत पोहोचला.

शेवट काय होणार, हे या मुलांना वर्षभर आधीच माहीत होते. 2024 च्या 5 ऑगस्टला 430 व्या प्रकरणाने मूळ चित्रकथा संपली, तेव्हाच जगभर आरडाओरडा झाला होता. महायुद्ध जिंकताना डेकू आपली शक्ती गमावतो. तिची धग काही काळ उरते आणि तीही विझते. आठ वर्षांनंतर आपण त्याला पाहतो, तेव्हा तो पुन्हा जन्मला तसाच, शक्तीविना आहे. आणि आपण जिथे शिकलो त्याच शाळेत शिकवतो आहे. त्याचे वर्गमित्र मोठमोठे वीर झाले आहेत, कामात बुडालेले आहेत, भेटीगाठी जमत नाहीत. लोकांना हे सहन झाले नाही. तो बर्गरच्या दुकानात कामाला लागला आहे, अशी चित्रे काढून त्याची टिंगल झाली. दहा वर्षे ज्याच्या हाडांचा चुरा होताना पाहिला, त्याला शेवटी फळ्यापुढे उभा केलेला पाहून चाहत्यांना आपली फसवणूक झाली असे वाटले.

आमच्या खोलीतल्या मुलाने त्या दिवशी नवे काही सांगितले नव्हते. जगाचे मत त्याने खाजे खाता खाता सांगितले, इतकेच.

मला नवल वाटते ते याचे की, या मंडळींनी दहा वर्षे नेमके काय पाहिले. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून शिक्षकांचीच आहे. ऑल माइट डेकूला भेटतो तोच मुळी त्या शाळेत शिक्षकाची नोकरी धरायच्या बेतात असताना. आणि जगातला सर्वांत बलाढ्य माणूस वर्गावर आला की काय होते? हातात चिठ्ठी धरून, तीत बघून तो धडा घेतो. मुलांनी नको तो प्रश्न विचारला की त्याला घाम फुटतो. नव्या बी.एड. झालेल्या पोरींना पहिल्या पाठाला कापताना मी पाहिले आहे, तोच चेहरा. उलट झोपेच्या पिशवीतला तो आयझावा. पहिल्याच दिवशी चाचणी घेऊन, शेवटचा येईल त्याला शाळेतून काढणार असे बजावतो, मुलांच्या तोंडचे पाणी पळवतो, आणि शेवटी, ती केवळ तुमच्याकडून पूर्ण जोर काढून घेण्याची युक्ती होती, असे सांगून मोकळा होतो. असा एक शिक्षक प्रत्येक शाळेत असतो. मुले त्याला शिव्या घालतात आणि वीस वर्षांनी रस्त्यात दिसला की फक्त त्याच्याच पाया पडतात. पुढे युद्धात त्याचा एक डोळा जातो, एक पाय जातो, आणि तरीही त्याच्या डोक्यात सतत वर्गाचा हजेरीपट असतो.

तिसऱ्या पर्वातला तो प्रसंग तर मी मुलासोबत अनेकदा पाहिला आहे. उद्ध्वस्त शहराच्या मधोमध ऑल माइटने शेवटची ताकद लावून महाखलनायकाला जमिनीत गाडले आहे. धूळ खाली बसते. ज्याला लोकांनी नेहमी पहाडासारखा पाहिला, तो आता हाडाची काडी झालेला, सदरा खांद्यावरून ओघळलेला, गाल आत गेलेला असा सगळ्या देशासमोर उभा आहे. त्याचे खरे रूप लोकांना प्रथमच दिसले आहे. तो कॅमेऱ्याकडे बोट करतो आणि म्हणतो, पुढची पाळी तुझी. लोक आनंदाने ओरडतात. त्यांना वाटते, हा उरलेल्या गुन्हेगारांना दिलेला इशारा आहे. गर्दीत उभा असलेला एकटा डेकू मात्र रडू लागतो, कारण ते वाक्य आपल्यासाठी आहे आणि ते वाक्य निरोपाचे आहे, हे त्याला कळलेले असते. एक वाक्य, ऐकणारे लाखो, आणि त्यातल्या एकालाच ते पोहोचणे: हे वर्गात घडताना मी पाहिले आहे. पन्नास मुलांना उद्देशून आपण काहीतरी बोलून जातो, आणि मागच्या बाकावरचे एक पोर खिडकीबाहेर बघायचे थांबते. पुढे त्याचे काय झाले हे बहुतेक वेळा आपल्याला कळतही नाही.

मी मास्तरांच्या घरातली आहे, हेही इथे सांगितले पाहिजे. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात गोव्यात खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हा माझ्या वडिलांना, भाऊंना, सत्तरीतल्या एका एकशिक्षकी शाळेवर नेमणूक मिळाली. चार इयत्ता एका खोलीत, आणि पावसाळ्यात ओहोळ चढला की मास्तरांचा मुक्काम गावातच. गावात पत्र आले की वाचायला मास्तर, अर्ज करायचा की लिहायला मास्तर, आणि जत्रेच्या नाटकाला प्रॉम्प्टिंगलाही मास्तरच. पालखी देवळात परतल्यावर मध्यरात्री उलटून नाटक सुरू व्हायचे. पहिल्या अंकाला मांडवात पाय ठेवायला जागा नसायची. तिसऱ्या अंकापर्यंत निम्मे लोक खाजेवाल्याकडे नाहीतर घरी, उरलेल्यांपैकी निम्मे घोंगडीत, आणि रंगमंचावर खाणीवर काम करणारा आमचा नायक, घसा बसलेल्या आवाजात, सर्वांत कठीण स्वगताला हात घालायचा. मी विंगेत भाऊंच्या मांडीजवळ पेंगत असायचे. एका हातात नाटकाची वही, दुसऱ्या हातात रुमाल गुंडाळलेली बॅटरी, म्हणजे उजेड बाहेर फुटू नये. नायक अडखळला की भाऊ पुढचे दोनच शब्द टाकायचे, कधी तीन नाही. पूर्ण वाक्य दिले की नट आयता होतो, असे त्यांचे म्हणणे होते. टाळ्या नायकाला मिळायच्या आणि दुसऱ्या दिवशी शाळेत भाऊंचा घसा बसलेला असायचा.

भाऊंची ती शाळा पटसंख्येअभावी बंद झाली त्याला आता बरीच वर्षे झाली. निवडणुकीला ती खोली उघडतात. मी माध्यमिक शाळेत आहे म्हणून माझे निभावते आहे, पण खालून येणारा मराठी शाळांचा ओघ आटतो आहे, हे दर जूनमध्ये हजेरीपट करताना दिसते. माझाही विषय एका परीने अंतिम पर्वातच आहे, आणि त्याचे प्रेक्षकही पांगले आहेत. गंमत अशी की गोव्यात सरकारी नोकरीसाठी माणूस देवाला कौल लावतो; शिक्षकाच्या चार जागा निघाल्या तर अर्जांचा ढीग पडतो. पगार, पेन्शन, मे महिन्याची सुट्टी सगळ्यांना हवी आहे. तरी आपल्या पोराने स्वप्न म्हणून मास्तरकी सांगितली की आईबापांचा चेहरा उतरतो. शिक्षकदिनाला गुलाबाचे फूल देणारी मुले फॉर्ममधल्या 'पुढे काय व्हायचे आहे' या रकान्यात ते कधी लिहीत नाहीत, आणि लिहिले तर एखादी मुलगी लिहिते, तीही खोडून.

त्यामुळे त्या मुलाच्या बोलण्यावर रागावण्याचा मला फारसा अधिकार नाही. तो ज्या हवेत वाढला तीच बोलला. माझी खरी तक्रार आहे ती होरिकोशीशी.

कारण त्यालाही शेवटी धीर धरवला नाही. डेकू शिकवतो आहे, रस्त्यात भेटलेल्या एका चाचरणाऱ्या मुलाला, तू वीर होऊ शकतोस, असे सांगतो आहे, जे कधीकाळी ऑल माइटने त्याला सांगितले होते. इथे गोष्ट पूर्ण होते. वर्तुळ, म्हणाल तर, मिटते. पण तेवढ्यात म्हातारा ऑल माइट पेटी घेऊन येतो. पेटीत अद्ययावत चिलखत आहे. सगळ्या वर्गमित्रांनी, त्यांच्यातल्याच बाकुगोच्या पुढाकाराने, आठ वर्षे पैसे घालून ते डेकूसाठी बनवून घेतले आहे. डेकू ते चढवतो आणि मित्रांबरोबर पुन्हा आकाशात झेप घेतो. माझा मुलगा आणि त्याचे मित्र रडले ते इथे. मला मात्र इथे कुणीतरी हात धरून बाकावरून उठवल्यासारखे वाटले. म्हणजे तुम्हालाही ते पुरेसे वाटले नाही तर! मास्तर असणे ही मधली स्थिती, प्रतीक्षा, आणि खरे बक्षीस पुढे. टिंगल करणारे आणि लेखक यांच्यात मग फरक तो किती? त्यांनी डेकूला बर्गर विकायला लावले. याने त्याची बदली करून दिली. लोकप्रिय गोष्टी शेवटच्या पानावर घाबरतात, असे माझे निरीक्षण आहे. पोस्टकार्डांची सवय दहा वर्षांत सुटत नाही.

हे सगळे मी दुसऱ्या दिवशी जेवताना मुलाला बोलून दाखवले. कढी थंड होईपर्यंत त्याने ऐकून घेतले. मग तो म्हणाला की मी भाग नीट पाहिलेला नाही. डेकूने शाळा सोडली, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. आणि चिलखत त्याला कंपनीने दिलेले नाही, सरकारने दिलेले नाही, जिंकल्याबद्दलही दिलेले नाही. ते वर्गाने दिले आहे. आठ वर्षे ही मुले त्याला भेटत नव्हती अशी सगळे बोंब मारतात, पण तेवढी वर्षे ती त्याच्यासाठी वर्गणी काढत होती. "वर्ग विसरला नाही, एवढंच आहे त्यात," असे म्हणून तो भात कालवू लागला. मी म्हटले, वर्गाने लक्षात ठेवणे वेगळे आणि त्याला फळ्यापासून दूर नेणे वेगळे. तो म्हणाला, "आई, आजोबा निवृत्त झाले तेव्हा त्यांना काय दिलं होतं?"

शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचे घड्याळ, जे चतुर्थीपर्यंतही चालले नव्हते. नारळ त्याच आठवड्यात आमटीत गेला. शाल भाऊंनी कधी पांघरली नाही. ती अजून कपाटात वरच्या फळीवर, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, घडी घातलेली आहे. मुलाला हे सगळे माहीत होते, म्हणूनच त्याने विचारले होते.

"त्यापेक्षा चिलखत बरं," तो म्हणाला, आणि तेवढ्यापुरते मी त्याचे म्हणणे मान्य केले. बाकीचा वाद चालू आहे.